अजिंठ्याला येऊन राहणारे आचार्य दिङ्नाग



आपल्यापैकी बहुतेकांनी अजिंठा पाहिला आहे. कुणी शाळेच्या सहलीत, कुणी डिसेंबरच्या सुट्टीत गावी गेल्यावर मुलांना दाखवायला म्हणून. सोळाव्या लेण्याकडे चढताना दोन दगडी हत्ती लागतात, ते तुम्हाला आठवत असतील. तिथे आपण मुलांना उभे करून फोटो काढतो आणि वर चित्रे बघायला जातो. मीही दोनदा तसेच केले. दाराशी असलेल्या दगडी हत्तींची नोंद जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वी एका चिनी भिक्खूंनी करून ठेवली आहे आणि त्याच नोंदीत आपल्या एका थोर आचार्यांचे नाव आहे, हे मला सिंगापूरला आल्यावर, त्या प्रवासवर्णनाचे भाषांतर वाचताना कळले.

ते भिक्खू म्हणजे ह्युएन त्सांग. इ.स. 641 च्या सुमारास, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, ते महाराष्ट्रात आले. राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगरात, खोल दरीत कोरलेल्या एका संघारामाचे वर्णन त्यांनी केले आहे. तो अर्हत अचल यांनी उभारला आणि त्याच्या दाराबाहेर दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत, असे ते सांगतात. हे वर्णन अजिंठ्याचे असल्याचे अभ्यासक मानतात, कारण सव्विसाव्या लेण्यातल्या शिलालेखातही स्थविर अचल यांचे नाव कोरलेले आहे. त्या वर्णनाच्या अखेरीस एक छोटी नोंद येते: पूर्वी आचार्य दिङ्नाग या संघारामात वरचेवर येऊन राहत असत.

दिङ्नाग, म्हणजेच दिग्नाग, हे नाव आपल्या जयंतीच्या फलकांवर नसते. पण माणसाला एखादी गोष्ट कळते म्हणजे नेमके काय होते, एकावरून दुसरे तो कसे ताडतो, शब्द कानावर पडल्यावर मनात अर्थ कसा उभा राहतो आणि या सगळ्यात तो फसतो कुठे, या प्रश्नांना त्यांनी आपले आयुष्य दिले. आज हे विषय विद्यापीठांत मानसशास्त्र आणि भाषाविज्ञान म्हणून शिकवतात. दिङ्नागांसाठी तो धम्माचा प्रश्न होता. आपण कुठे फसतो हे ज्याला कळत नाही, त्याला कुणीही फसवू शकते. आणि आपल्या पूर्वजांना ज्या बेड्या घातल्या गेल्या, त्यांतली सर्वांत भक्कम बेडी शब्दांचीच होती, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

दिवे लावून घेतलेला शोध

दिङ्नागांचा काळ साधारण इ.स. 480 ते 540 असा धरतात. त्यांच्या आयुष्याच्या कथा मुख्यतः तिबेटी इतिहासकारांनी जपल्या. बुतोन यांनी 1322 साली आणि तारानाथ यांनी 1608 साली त्या लिहून काढल्या. या परंपरेनुसार दिङ्नाग दक्षिणेत कांचीजवळच्या सिंहवक्त्र गावी एका ब्राह्मण कुटुंबात जन्मले. पुढे ते संघात आले आणि वात्सीपुत्रीय पंथाच्या नागदत्त नावाच्या आचार्यांकडे शिकू लागले.

वात्सीपुत्रीयांचे एक मत इतर बौद्ध पंथांना मान्य नव्हते. पाच स्कंधांपेक्षा वेगळा म्हणता येत नाही आणि स्कंध म्हणजेच तो असेही म्हणता येत नाही, असा एक पुद्गल माणसात असतो, असे ते मानत. गुरूंनी दिङ्नागांना त्या पुद्गलाचा शोध घ्यायला सांगितले. दिङ्नागांनी आज्ञा पाळली. दिवसा खोलीची सगळी दारे-खिडक्या उघडली, रात्री चारी दिशांना दिवे लावले, अंगावरचे वस्त्र उतरवले आणि आत-बाहेर, वर-खाली बघत बसले. हे काय चालले आहे, असे गुरूंनी विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितले, की तुम्ही सांगितलेली वस्तू शोधतो आहे आणि ती सापडत नाही. गुरूंना ती थट्टा वाटली. शिष्याला मठ सोडावा लागला.

ही कथा मला फार आवडते. त्या तरुणाने गुरूंचा अपमान केला नाही, वादही घातला नाही. सांगितलेली गोष्ट त्याने प्रामाणिकपणे तपासली आणि जे आढळले ते कळवले. तेवढ्यावर त्याला जावे लागले. प्रश्न विचारल्यामुळे बाहेर काढले जाणे काय असते, हे आपल्या समाजाला चांगले ठाऊक आहे.

तिथून ते उत्तरेकडे गेले आणि आचार्य वसुबंधूंचे शिष्य झाले, असे परंपरा सांगते. वसुबंधूंनी वादविद्येवर लिहिले होते. दिङ्नागांनी ते काम पुढे नेले आणि त्याचा पायाच नव्याने घातला.

दिसते ते आणि आपण चिकटवतो ते

त्यांचा पहिला प्रश्न असा, की खात्रीचे ज्ञान मिळण्याचे मार्ग किती? नैयायिक चार सांगत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. मीमांसकांचा तर सारा डोलारा शब्दावर, म्हणजे वेदवचनावर उभा होता. दिङ्नाग म्हणाले, मार्ग दोनच आहेत, प्रत्यक्ष आणि अनुमान.

प्रत्यक्षाची त्यांनी केलेली व्याख्या नीट लक्षात घ्या, कारण तिचा आपल्या रोजच्या जगण्याशी संबंध आहे. प्रत्यक्ष म्हणजे कल्पना न मिसळलेले ज्ञान. कल्पना म्हणजे काय? समोरच्या गोष्टीला नाव, जात, गुण, क्रिया किंवा द्रव्य असे काहीतरी जोडणे. डोळ्यांना जे दिसते ते एकमेव असते, दुसऱ्या कशासारखेही नसते. 'हा अमुक प्रकारचा' हे ज्ञान डोळ्यांचे नसते, ते मनाने मागाहून चिकटवलेले असते. दोन्ही इतक्या झटपट घडतात, की आपल्याला ती एकच गोष्ट वाटते.

आता इथला एक नेहमीचा प्रसंग घ्या. लिफ्टमध्ये किंवा दिवाळीच्या मेळाव्यात कुणीतरी आपले मराठी ऐकतो, खूश होतो, हस्तांदोलन करतो. लगेच विचारतो, आडनाव काय? आपण सांगतो. मग गाव कोणते, गावात घर कोणत्या भागात. आणि मग बोलण्यात एक छोटासा खंड पडतो. तुम्ही तो अनुभवला असेल, मीही अनुभवला आहे. त्या खंडाच्या आधी त्या गृहस्थाला एक माणूस दिसत होता. खंडानंतरही समोर तोच माणूस उभा आहे, त्याच्यात तसूभर फरक पडलेला नाही. फरक पडला तो बघणाऱ्याच्या मनात. दिङ्नागांच्या भाषेत सांगायचे तर प्रत्यक्ष संपले आणि कल्पना सुरू झाली. पण त्या गृहस्थाला विचाराल, तर तो शपथेवर सांगेल, की मला जे दिसले तेच मी मानले.

धूर इथे, आग सुमात्रात

दुसरा मार्ग अनुमानाचा. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे, हे भारतीय तर्कशास्त्रातले जुने उदाहरण. आपल्याला सिंगापुरात त्यासाठी डोंगर लागत नाही. 21 जून 2013 हा दिवस इथे होता त्यांना आठवत असेल. हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक 401 वर गेला होता, समोरचा ब्लॉक दिसत नव्हता, मुलांना घरात कोंडून ठेवले होते. आग आपल्यापैकी कुणीही पाहिली नव्हती. तरी वारा ज्या बाजूने येतो तिकडे, सुमात्रात, जंगल जळते आहे, हे सगळ्यांना कळले होते.

असे अनुमान खरे कधी धरायचे? दिङ्नागांनी कारणाला, म्हणजे हेतूला, तीन अटी घातल्या. पहिली अट: ज्याविषयी बोलतो आहोत तिथे तो हेतू खरोखर असला पाहिजे. म्हणजे दिसतो तो धूरच आहे, पावसानंतरची वाफ किंवा धुके नाही, याची खात्री हवी. दुसरी अट: जिथे आग असते अशा ठिकाणी धूर आढळलेला हवा. स्वयंपाकघरातली चूल घ्या किंवा लाऊ पा सातच्या बाहेर साते भाजणाऱ्यांचे निखारे. याला सपक्ष म्हणतात. तिसरी अट: जिथे आग नसते तिथे धूर आढळता कामा नये. तळे घ्या, समुद्र घ्या. हा विपक्ष.

या अटी घालताना त्यांनी आणखी एक फरक स्पष्ट केला. स्वतःच्या मनात चाललेले अनुमान वेगळे आणि दुसऱ्याला पटवण्यासाठी शब्दांत मांडलेले अनुमान वेगळे. पहिल्याला स्वार्थानुमान म्हणतात, दुसऱ्याला परार्थानुमान. विचार करणे आणि विचार सांगणे या दोन क्रिया आहेत, हे ओळखून त्यांनी आपल्या मुख्य ग्रंथात दोघांना स्वतंत्र परिच्छेद दिले. आपल्याला मनातून पटलेली गोष्ट सांगता येत नाही आणि सफाईने सांगितलेली गोष्ट खरी असतेच असे नाही, हा अनुभव तुम्हा-आम्हाला रोजचाच आहे.

नऊ घरांचा तक्ता

माझे काम सॉफ्टवेअरचे आहे, त्यामुळे दिङ्नागांचे हेतुचक्र पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमच्या चाचण्यांचा तक्ता समोर आल्यासारखे झाले. त्यांनी विचारले, हेतू सपक्षात सगळीकडे असेल, कुठेच नसेल किंवा काही ठिकाणी असेल. विपक्षातही तसेच तीन प्रकार. तीन गुणिले तीन, नऊ घरे झाली. नऊपैकी फक्त दोन घरांत हेतू खरा ठरतो: सपक्षात सगळीकडे किंवा काही ठिकाणी आहे, पण विपक्षात कुठेच नाही. दोन घरांत तो उलट गोष्ट सिद्ध करतो. उरलेल्या पाच घरांत त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणजे आपल्याला पटणारी उदाहरणे कितीही जमवा, निकाल विपक्षात लागतो.

आणि माणसाचे मन नेमके तिकडेच जायला कंटाळते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी 1960 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना 2, 4, 6 हे तीन आकडे दिले. हे एका नियमाने मांडले आहेत, तुम्ही तुमचे आकडे सुचवा, ते नियमात बसतात की नाही ते मी सांगेन, मग नियम ओळखा, असा खेळ. बहुतेकांच्या मनात आले, की दोन-दोनने वाढणारे आकडे. ते सुचवू लागले 8, 10, 12 किंवा 20, 22, 24. दरवेळी 'बसतात' असे उत्तर आले आणि त्यांची खात्री वाढत गेली. प्रत्यक्षात नियम एवढाच होता, की आकडे चढत्या क्रमाने हवेत. 1, 2, 3 किंवा 5, 40, 90 विचारले असते तर लगेच कळले असते. पण आपलेच म्हणणे खोटे पाडू शकेल असा प्रश्न विचारायचे फार थोड्यांना सुचले. सपक्षात सगळे फिरले, विपक्षात कुणी डोकावले नाही.

याची किंमत आपण मोजतो. अमुक एक डॉक्टर राखीव जागेवरून आला आणि त्याने चूक केली, म्हणून राखीव जागांवरून येणारे कच्चे असतात, हे वाक्य तुम्ही कचेरीत किंवा नातेवाइकांच्या ओळखीत ऐकले असेल. दिङ्नागांच्या तक्त्यात ते ठेवून बघा. साध्य आहे कच्चेपणा. विपक्ष म्हणजे जे पक्के आहेत ते सगळे. त्यांच्यात राखीव जागांवरून आलेले आहेत की नाहीत? आहेत, आणि तुम्ही हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण स्वतःच त्याचे उदाहरण आहात. हेतू विपक्षात सापडला, युक्तिवाद संपला.

पण तक्ता दुसऱ्यासाठी वापरायचा आणि स्वतःसाठी घडी घालून ठेवायचा, असे चालणार नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या मोबाइलवर एका प्राचीन मूर्तीचे छायाचित्र आले. पद्मासन, मिटलेले डोळे, लांब कान, म्हणजे ही बुद्धांचीच मूर्ती, असे खाली लिहिले होते. मला आनंद झाला आणि मी ते वीस जणांना पाठवले. त्यात माझा एक जैन सहकारीही होता. त्याने शांतपणे विचारले, आमच्या तीर्थंकरांच्या मूर्ती तू पाहिल्या आहेस का? त्याही पद्मासनात असतात, त्यांचेही कान लांब असतात. मी विपक्ष तपासलाच नव्हता. आपल्या इतिहासातले पुष्कळ काही खरोखर झाकले गेले आहे. म्हणूनच ते उघड करताना आपल्या हातात कच्चा हेतू असता कामा नये. एक खोटे उदाहरण दहा खऱ्या उदाहरणांची किंमत घालवते.

शब्द आणि जात

आता शब्दांकडे येऊ. 'गाय' हा शब्द ऐकल्यावर आपल्याला जे कळते ते काय? नैयायिकांचे उत्तर असे, की जगातल्या सगळ्या गायींमध्ये 'गोत्व' नावाचे एक नित्य, खरेखुरे सामान्य वसलेले असते आणि शब्दाने ते कळते. संस्कृत तर्कशास्त्रात या सामान्याला नाव आहे जाती.

दिङ्नागांनी ते नाकारले. असे गोत्व कुठे दिसत नाही आणि मानायची गरजही नाही. शब्द एवढेच करतो, की जे गाय नाही ते सगळे बाजूला सारतो. या विचाराला अपोहवाद म्हणतात. ऐकताना विचित्र वाटते, पण घरातल्या लहान मुलाकडे बघा. माझी मुलगी दीड वर्षाची असताना तिला 'भूभू' हा एकच प्राणी ठाऊक होता. क्रांजीच्या फार्मवर शेळ्या दाखवल्या तर त्याही भूभू, चित्रातली गाय भूभू, शेजाऱ्यांचे मांजरही भूभू. मग आम्ही सांगत गेलो, ही भूभू नाही, ही माऊ. ही भूभू नाही, ही हम्मा. एकेक प्राणी बाहेर पडत गेला आणि शब्दाला आकार येत गेला. आम्ही तिला कुत्रेपण नावाची कुठलीही वस्तू कधी दाखवली नाही. बालमानसशास्त्रात मुलांच्या या चुकीचा बराच अभ्यास झाला आहे.

शब्दज्ञान म्हणजे एका परीने अनुमानच, असे दिङ्नागांनी दाखवले. म्हणून शब्द हे स्वतंत्र प्रमाण उरत नाही. कुणाचे वचन कितीही जुने असो, कितीही पवित्र मानलेले असो, ते अनुमानाच्याच कसोटीला बांधलेले. वेद स्वयंप्रमाण आहेत या म्हणण्याला याहून खोल धक्का क्वचितच कुणी दिला असेल. पुढे उद्योतकर आणि कुमारिल यांच्यासारखे मोठे विद्वान त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासाठी पानेच्या पाने लिहीत राहिले, ते उगाच नाही.

इथून पुढचा विचार माझा आहे, तो तुम्ही तपासून घ्या. दिङ्नाग अपोहाविषयी लिहितात तेव्हा ते शब्दार्थाचा प्रश्न सोडवत असतात, वर्णव्यवस्थेवर बोलत नसतात. पण सामान्य आणि जन्मावरून ठरणारी जात या दोन्हींना आपल्या भाषांत एकच शब्द आहे, आणि दोन्हींचा दावाही एकच आहे: माणसाच्या आत न दिसणारे, न बदलणारे काहीतरी आहे. दिङ्नागांची कसोटी लावली, तर जात ही माणसात वसलेली वस्तू उरत नाही. इतरांना बाजूला सारण्यातून मनात तयार झालेला तो एक विभाग ठरतो. बाजूला सारणे थांबले, की त्यात काहीच शिल्लक राहत नाही. त्यांच्याच परंपरेतले आचार्य धर्मकीर्ती यांनी सातव्या शतकात ही गोष्ट उघडपणे सांगितली. मूढपणाची लक्षणे मोजताना त्यांनी वेदप्रामाण्य, जगाचा कर्ता मानणे आणि पुण्यासाठी स्नान यांच्या जोडीला जातीचा गर्वही घातला.

खडूने लिहिलेली ओळ

दिङ्नागांचा उत्तरकाळ बराचसा ओडिशात गेला. तिथल्या भोटशैल नावाच्या डोंगरातल्या गुहेत ते राहत. मधे नालंदेहून बोलावणे आले, तेव्हा तिथे जाऊन सुदुर्जय नावाच्या पंडिताशी त्यांनी वाद केला आणि जिंकला. वादातल्या या सामर्थ्यामुळे त्यांना तर्कपुंगव म्हणत.

पण त्यांना एक अडचण जाणवत होती. त्यांचे विचार लहान-लहान ग्रंथांत विखुरलेले होते. ते एकत्र करून एक ग्रंथ लिहायचे त्यांनी ठरवले. तो प्रमाणसमुच्चय. त्याचा आरंभीचा श्लोक त्यांनी गुहेच्या कातळावर खडूने लिहिला आणि ते भिक्षेला गेले. मागे कृष्णमुनिराज नावाचा एक प्रतिपक्षी आला आणि त्याने श्लोक पुसून टाकला. दिङ्नागांनी पुन्हा लिहिला, त्याने पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा दिङ्नागांनी खाली निरोप लिहिला, की थट्टा असेल तर पुसू नकोस, आणि मत पटत नसेल तर समोर येऊन बोल. तो आला. वाद झाला, तो हरला. हरल्यावर मात्र त्याने जाळ करून आचार्यांचे सामानसुमान पेटवून दिले. दिङ्नाग खचले. एका माणसालाही मी वळवू शकत नसेन, तर जगासाठी काय करणार, असा विचार करून त्यांनी हातातला खडू वर भिरकावला: तो खाली पडला की हे काम सोडायचे. खडू खाली पडला नाही. बोधिसत्त्व मंजुश्रींनी तो झेलला आणि त्यांना धीर दिला.

चमत्काराचा भाग बाजूला ठेवा. दिङ्नागांचीच कसोटी लावली तर तो टिकणार नाही. पण ह्युएन त्सांग यांनी आंध्रातली म्हणून नोंदवलेल्या वेगळ्या कथेतही दिङ्नाग स्वतःपुरत्या मुक्तीकडे वळतात आणि मंजुश्री त्यांना लोकांच्या कामाकडे परत आणतात. चरित्राच्या दोन वेगळ्या परंपरांना एकच क्षण महत्त्वाचा वाटला: हा माणूस थकला होता, सोडून देणार होता आणि त्याने सोडले नाही.

पुसली गेलेली ती ओळ कशाविषयी होती, हेही बघा. त्या श्लोकात ते तथागतांना वंदन करतात आणि त्यांना प्रमाण झालेले असे म्हणतात. 'झालेले' या शब्दाला पुढच्या टीकाकारांनी फार महत्त्व दिले. बुद्ध जन्मतः किंवा कुणाच्या आज्ञेने प्रमाण नव्हते. जगाच्या हिताची इच्छा, साधना आणि शिकवण यांतून ते तसे झाले. त्यांचे वचन मानायचे ते या कारणांसाठी, आणि कारणे तपासता येतात.

दिङ्नागांचा अंत ओडिशातल्या एका एकांत वनात झाला, असे तारानाथ सांगतात.

आपल्या दारावरून गेलेले ग्रंथ

प्रमाणसमुच्चयाची मूळ संस्कृत प्रत भारतात टिकली नाही. ग्रंथ वाचला तो बाहेर गेल्यामुळे. त्यातली एक वाट आपल्या दारावरून गेली आहे. इ.स. 671 मध्ये चिनी भिक्खू इत्सिंग कँटनहून इराणी जहाजाने निघाले आणि वीसेक दिवसांत श्रीविजयला, म्हणजे आजच्या पालेंबांगला पोहोचले. सिंगापूरहून ते विमानाने तासाभरावर आहे. तिथे सहा महिने राहून ते संस्कृत व्याकरण शिकले, मग याच समुद्रातून पुढे बंगालच्या उपसागराकडे आणि नालंदेला गेले. तर्कविद्येच्या अभ्यासकांनी दिङ्नागांचे कोणते ग्रंथ वाचावेत, याची यादी त्यांनी आपल्या वृत्तांतात दिली आहे. परत गेल्यावर 711 साली त्यांनी प्रमाणसमुच्चयाचे चिनी भाषांतरही केले, पण ते पुढे नष्ट झाले. दिङ्नागांच्या न्यायमुखाची ह्युएन त्सांग आणि इत्सिंग यांनी केलेली भाषांतरे मात्र आहेत.

संपूर्ण प्रमाणसमुच्चय तिबेटी भाषांतरांतून वाचला. धर्मकीर्तींच्या प्रमाणवार्तिकासारखे संस्कृत ग्रंथ राहुल सांकृत्यायन यांनी 1930 च्या दशकात तिबेटच्या मठांतून शोधून आणले. जिनेंद्रबुद्धींची प्रमाणसमुच्चयावरची संस्कृत टीकाही तिबेटमध्येच जपलेली निघाली आणि तिचा पहिला परिच्छेद 2005 साली बीजिंग आणि व्हिएन्ना इथून छापून आला. त्या टीकेच्या आधारे दिङ्नागांचे मूळ शब्द आता पुन्हा जुळवता येत आहेत. कातळावरून पुसलेली ओळ दीड हजार वर्षांनी पुन्हा लिहिली जाते आहे, असे मला वाटते.

आपल्या घरात

2020 च्या जनगणनेनुसार सिंगापूरच्या पंधरा वर्षांवरील रहिवाशांपैकी 31.1 टक्के बौद्ध आहेत. आपण त्यांच्यात मूठभर आहोत. आपल्या मुलांना इथे कुणी जात विचारत नाही, निदान शाळेत तरी नाही. म्हणून ती वेगळे प्रश्न विचारतात. आपण बौद्ध का? बावीस प्रतिज्ञा का घ्यायच्या? वंदना पालीतच का म्हणायची? दमून घरी आलेल्या बापाच्या तोंडून पटकन उत्तर जाते, बाबासाहेबांनी सांगितले म्हणून. माझ्या तोंडूनही गेले आहे.

बाबासाहेबांनी मात्र असे उत्तर मागितले नव्हते. त्यांच्या निधनानंतर 1957 साली प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात, कोणते वचन बुद्धांचे मानावे, याच्या कसोट्या त्यांनी दिल्या आहेत. जे बुद्धीला आणि तर्काला धरून आहे, माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध आहे, ते बुद्धांचे मानता येते. शब्द प्रमाण नाही, कारण तपासा, हीच दिङ्नागांची वाट. ज्यांनी आपल्याला शब्दप्रामाण्यातून बाहेर काढले, त्यांचेच शब्द आपण न तपासता मुलांच्या हातात दिले, तर आपण त्यांचे ऐकले असे होत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी मुलाने 'का' विचारले, तर पाच मिनिटे बसा आणि कारण सांगा. पटले नाही तर त्याला विपक्षातले उदाहरण आणू द्या. तुमच्या मोबाइलवर मनाला आवडणारा मजकूर आला, तर पुढे पाठवण्याआधी तो खोटा ठरवणारे एक उदाहरण शोधून बघा. आणि डिसेंबरमध्ये अजिंठ्याला गेलात, तर दगडी हत्तींजवळ मुलांचा फोटो जरूर काढा. मग तिथेच पायरीवर बसून त्यांना सांगा, की दिवे लावून स्वतःला शोधणारे एक आचार्य इथे येऊन राहत असत.

जयभीम. नमो बुद्धाय.